‘हवेतून’ म्हणजे नक्की कुठून?
विज्ञान सांगणारे, ऐकणारे आणि मधे अडकलेला एक शब्द

२०२०च्या मार्चचा शेवटचा आठवडा. मी तेव्हा दहावीत होते. २७ मार्चला सुरू होणारी आमची एसएसएलसीची परीक्षा पुढे ढकलली होती, त्यामुळे अभ्यास करायचा की नाही हेच कळत नव्हतं. त्याच २७ तारखेला रात्री पोप फ्रान्सिस यांनी रिकाम्या सेंट पीटर्स चौकात, पावसात, जगासाठी प्रार्थना केली. घरातले आम्ही सगळे माझ्या फोनभोवती बसून ती बघत होतो. पुढच्या एक-दोन दिवसांत त्याच फोनवर एक कार्ड आलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं, म्हणजे डब्ल्यूएचओनं, २८ मार्चला ट्विटर आणि फेसबुकवर टाकलेला तो मजकूर होता. सुरुवातीला मोठ्या अक्षरांत ‘फॅक्ट’ आणि पुढे: कोविड-१९ ‘एअरबोर्न’ नाही. त्यातला ‘नाही’सुद्धा मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलं होतं की हा विषाणू मुख्यतः खोकताना, शिंकताना आणि बोलताना उडणाऱ्या थेंबांतून पसरतो; एक मीटर अंतर ठेवा, पृष्ठभाग पुसत राहा, हात धुवा.

घरात इंग्रजी नीट वाचणारी मी, त्यामुळे ‘विज्ञान सांगण्याचं’ काम आपोआप माझ्याकडे आलं होतं. संध्याकाळी तेर्सला (जपमाळेच्या प्रार्थनेला) आम्ही आठजण बाहेरच्या खोलीत बसायचो. आजी खिडकी उघडी ठेवायची आणि डास आत यायचे. कार्ड आलं त्या संध्याकाळी मी खिडकी लावून टाकली आणि म्हणाले, “आजी, हा रोग हवेतून पसरत नाही. डब्ल्यूएचओनंच सांगितलंय.”

आजी म्हणाली, “हवेतनं येत नाही म्हणतीस, मग नाकाला फडकं कशाला बांधायचं गं?”

मला हसू आलं. आजीला ‘ड्रॉपलेट’ आणि ‘एअरबोर्न’ यांतला फरक काय कळणार, असं वाटलं. खरं सांगायचं तर तो फरक मलाही माहीत नव्हता. मी फक्त शब्द पोचवला होता, आणि तो पोचवताना खिडकी बंद केली होती.

वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी ‘समाजमाध्यमं आणि विज्ञान’ हा विषय मी घेतला तो त्या खिडकीमुळे. विज्ञान सांगणारे आणि ऐकणारे यांच्यातल्या दरीबद्दल बोलताना आपण बहुतेकदा लोकांच्या अज्ञानाबद्दल बोलतो. ‘एअरबोर्न’ या एका शब्दाचा प्रवास पाहिला तर दरीचा बराच भाग भाषेत सापडतो. आणि भाषा हा तर आपला विषय आहे.

एक शब्द, दोन अर्थ

रुग्णालयांत संसर्ग कसा रोखायचा हे ठरवणाऱ्या तज्ज्ञांसाठी ‘एअरबोर्न’ ही एक पारिभाषिक संज्ञा होती. गोवर, कांजिण्या आणि क्षयरोग हे त्या यादीतले नेहमीचे रोग. एखादा रोग या यादीत गेला की रुग्णाला हवा बाहेर जाऊ न देणारी खास खोली लागते, डॉक्टर-नर्सना एन-९५ मास्क लागतात. म्हणजे तज्ज्ञ ‘एअरबोर्न नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ‘गोवरासारखा नाही, त्या पातळीची व्यवस्था सगळीकडे नको’ असं काहीतरी असतं.

सामान्य माणसाला ‘एअरबोर्न’ म्हणजे हवेतून येणारा. एवढंच. त्याला ‘एअरबोर्न नाही’ सांगितलं की तो ऐकतो: हवा सुरक्षित आहे.

गंमत म्हणजे हा घोटाळा खुद्द डब्ल्यूएचओच्या प्रमुखांचाही झाला होता. ११ फेब्रुवारी २०२० च्या पत्रकार परिषदेत डॉ. टेड्रोस आधी बोलून गेले की कोरोना एअरबोर्न आहे. थोड्या वेळानं त्यांनीच दुरुस्ती केली: आपण तो शब्द लष्करी अर्थानं वापरला, म्हणायचं होतं ते थेंबांतून किंवा श्वसनातून पसरण्याबद्दल. संघटनेच्या प्रमुखाच्या तोंडी जर आधी रोजच्या भाषेतला अर्थ येतो, तर माझ्या आजीनं तो घेतला यात तिचं काय चुकलं?

हा प्रश्न एका शब्दापुरता नाही. हवामानबदलावर काम करणारे रिचर्ड सॉमरव्हिल आणि सुझन जॉय हॅसॉल यांनी २०११ मध्ये ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात अशा शब्दांचा एक तक्ताच दिला होता. शास्त्रज्ञ ‘थिअरी’ म्हणतात तेव्हा त्यांना भरपूर तपासलेली मांडणी अभिप्रेत असते. लोक ऐकतात ‘अंदाज’. ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ म्हणजे शास्त्रज्ञासाठी स्वतःलाच वाढवत नेणारं चक्र, लोकांसाठी शाबासकी. ‘एरोसोल’ म्हणजे शास्त्रज्ञासाठी हवेत तरंगणारा सूक्ष्म कण. लोकांसाठी फवारणीचा डबा. हा तक्ता वाचताना मला आपल्या अर्थविचाराच्या तासाची आठवण झाली. अर्थसंकोच, अर्थविस्तार वगैरे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण एका शब्दाचा एका गटात अर्थसंकोच झालेला असतो आणि दुसऱ्या गटाला त्याची खबर नसते, हे रोज घडतं.

पाच मायक्रॉनची गोष्ट

आता थोडं विज्ञान, कारण सगळा दोष शब्दावर टाकणं अप्रामाणिक होईल. शब्दाच्या मागे एक चूकही होती.

जुन्या नियमाप्रमाणे श्वासातून बाहेर पडणाऱ्या कणांचे दोन वर्ग होते. ५ मायक्रॉनपेक्षा मोठे ते ‘ड्रॉपलेट’. ते जड म्हणून एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. ५ मायक्रॉनपेक्षा लहान ते ‘एरोसोल’, ते तरंगतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून कल्पना करा.

पण हवेतल्या कणांचा अभ्यास करणारे म्हणत होते की हा आकडाच बरोबर नाही. विल्यम वेल्स या अमेरिकी अभियंत्यानं १९३४ मध्येच दाखवलं होतं की खाली पडणं आणि तरंगणं यांची सीमा साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास आहे. मग पाठ्यपुस्तकांत ५ कुठून आले? केटी रँडल ही संशोधक विद्यार्थिनी, लिन्सी मार या हवेतल्या कणांच्या तज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी जुने निबंध आणि त्यांतले संदर्भ एकामागून एक उकलत या आकड्याचा माग काढला. आपण हस्तलिखितांची पाठचिकित्सा करतो तसंच हे काम. त्यांना दिसलं ते असं: क्षयाचा जंतू फुप्फुसाच्या अगदी खोल भागात पोचला तरच रोग धरतो, आणि तिथवर ५ मायक्रॉनपेक्षा लहान कणच जाऊ शकतात. ‘खोल फुप्फुसात काय पोचतं’ याचं हे उत्तर पुढे कधीतरी ‘हवेत काय तरंगतं’ याचं उत्तर म्हणून छापलं जाऊ लागलं. नकलनवीस एका ओळीतला शब्द दुसऱ्या ओळीत लिहितो आणि पुढच्या सगळ्या प्रतींत तोच पाठ येतो, तसं.

क्षयरोग हवेतून पसरतो हेही वेल्स आणि रिचर्ड रायली यांनीच बाल्टिमोरमध्ये सिद्ध केलं होतं. क्षयरुग्णांच्या वॉर्डमधली हवा त्यांनी नळ्यांतून वर ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेली. गिनीपिगांना क्षय झाला. दुसऱ्या गटाला तीच हवा अतिनील किरणांतून नेऊन दिली. त्यांतल्या कुणालाही झाला नाही.

हे वाचल्यावर मला आजीच्या खिडकीचा उलगडा झाला. तिचा थोरला भाऊ मिरजेजवळ वानलेसवाडीच्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये होता. लहानपणी ती त्याला भेटायला जायची, आणि तिच्या आठवणीत राहिलेली गोष्ट म्हणजे थंडीतही सताड उघड्या असलेल्या खिडक्या. छातीचा रोग असेल तर खिडकी उघडी ठेवायची, हे तिला एका इस्पितळानंच शिकवलं होतं. ज्याला मी जुनी सवय समजत होते, ती खरं तर वैद्यकाचीच शिकवण होती. मी तिला ‘का उघडी ठेवतेस’ असं एकदाही विचारलं नव्हतं.

तालमीच्या खोलीत

आपल्यापैकी जे चर्चच्या कॉयरमध्ये गातात त्यांनी पुढची घटना माहीत करून घ्यावी असं मला वाटतं. १० मार्च २०२०, म्हणजे त्या कार्डाच्या अठरा दिवस आधी, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन इथं एका कॉयरची तालीम झाली. तालीम चर्चच्या सभागृहात होती. ६१ जण जमले होते. दाराशी सॅनिटायझर होतं, कुणी मिठ्या मारल्या नाहीत, हस्तांदोलन केलं नाही. सुमारे अडीच तास ते गायले. एका सदस्याला आधीच सर्दीसारखी लक्षणं होती. त्याच्यासह ५३ जण आजारी पडले किंवा आजारी असावेत असं धरलं गेलं. दोघांचा मृत्यू झाला.

त्या लोकांनी कार्डावरच्या काही सूचना कार्ड येण्याआधीच पाळल्या होत्या. पण एका खोलीत अडीच तास सगळ्यांनी एकमेकांची हवा छातीभर घेतली होती. गाणाऱ्याला हे सांगायला नको: गाताना आपण किती खोल श्वास घेतो आणि तो किती जोरानं बाहेर सोडतो.

माझा स्वतःचा अनुभव याच्या तुलनेत किरकोळ आहे, तरी सांगते. आमची पुढे ढकललेली परीक्षा २५ जूनला सुरू झाली. दारात ताप मोजला, हातावर सॅनिटायझर ओतलं, बाकं पुसलेली, दोन मुलांत अंतर. सगळं काळजीपूर्वक. पण बेळगावचा जूनचा पाऊस. पेपर भिजू नयेत म्हणून आमच्या वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. तिथल्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांनी कार्डावर होतं ते सगळं केलं. खिडकी कार्डावर नव्हती.

कार्डाचा आकार

इथे समाजमाध्यमांचा मुद्दा येतो. शास्त्रीय निबंधात ‘उपलब्ध पुराव्यानुसार’, ‘या परिस्थितीत’, ‘अमुक वगळता’ असे शब्द असतात. कार्डात ते मावत नाहीत. तिथे मावतं ते ‘आहे’ किंवा ‘नाही’. डब्ल्यूएचओच्या त्याच काळातल्या तांत्रिक टिपणात काही वैद्यकीय प्रक्रियांच्या वेळी हवेतून संसर्गाची शक्यता नोंदवलेली होती. कार्डावर येईपर्यंत ती गळली.

दुसरी गोष्ट, कार्ड दिसतं कसं? आठवा, त्याच आठवड्यांत आपल्या फोनवर आणखी काय येत होतं. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूच्या वेळी असा मेसेज फिरत होता की टाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो. केंद्र सरकारच्या पीआयबीला ‘असं काही होत नाही’ म्हणून खुलासा करावा लागला. तो मेसेजही ठळक अक्षरांत, खात्रीच्या सुरात होता. खरं कार्ड आणि खोटं कार्ड एकाच आवाजात बोलत असतील तर ऐकणाऱ्यानं फरक कशावरून ओळखायचा?

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चूक मोठ्यानं सांगितली गेली आणि दुरुस्ती हळू आवाजात. तारखाच बघा. जुलै २०२० मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांच्या पत्राला जगभरच्या २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला: हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या. डब्ल्यूएचओनं शक्यता मान्य केली, पण जपून. ३० एप्रिल २०२१ ला त्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांत मजकूर बदलला. ‘एअरबोर्न’ हा शब्द तिथे स्पष्टपणे आला तो डिसेंबर २०२१ च्या अखेरीस. यांतल्या कुठल्याही बदलाच्या वेळी ‘फॅक्ट: आम्ही आधी सांगितलं ते बरोबर नव्हतं’ असं ठळक अक्षरांतलं कार्ड माझ्या फोनवर आलं नाही. संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी पद सोडताना, नोव्हेंबर २०२२ मध्ये, हे फार आधी म्हणायला हवं होतं अशी कबुली दिली. मला ती कबुली मनापासून आवडली. पण तोवर किती खिडक्या लावल्या गेल्या असतील!

याचा परिणाम पुढेही दिसला. आमच्या गल्लीतले एक अंकल लस घ्यायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं असं, “हेच लोक आधी हवेतनं नाही म्हणाले, आता हवेतनं आहे म्हणतात. उद्या लशीबद्दल पण फिरतील की!” मी त्यांच्याशी खूप वाद घातला. ही चूक शास्त्रज्ञांनीच शोधली, उघडपणे भांडून दुरुस्त करून घेतली, हेच विज्ञानाचं बळ आहे, असं मी आज म्हणेन. त्या वेळी मला फक्त ‘तुम्हाला कळत नाही’ एवढंच म्हणता आलं.

मराठीत काय झालं

इंग्रजीतला घोटाळा मराठीत येताना आणखी वाढला. आपल्याकडे ‘ड्रॉपलेट’साठी ‘थेंब’ आणि ‘तुषार’ हे शब्द वापरले गेले, ‘एअरबोर्न’साठी ‘हवेतून पसरणारा’. आता मराठी कानानं ऐका: ‘हा रोग हवेतून पसरत नाही, तुषारांतून पसरतो.’ तुषार कुठून येतात? हवेतूनच! आंबोलीच्या धबधब्यापाशी उभं राहिलं की अंगावर येतात ते तुषार. वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. आजीचा प्रश्न त्या वाक्यातल्या याच भेगेवर बोट ठेवत होता.

आपल्या बोलीत याहून चांगले शब्द होते. जोरात बोलताना थुंकीचे उडतात ते ‘शिंतोडे’. शिंतोडे खाली पडतात, हे सांगावं लागत नाही. आणि तरंगत राहतो तो ‘धूर’. होसे-लुईस हिमेनेझ या शास्त्रज्ञानं सिगारेटच्या धुराची उपमा वापरली होती: समोरचा माणूस श्वासातून धूर सोडतोय अशी कल्पना करा, तो तुमच्यापर्यंत पोचेल का? आम्हा चर्चला जाणाऱ्यांना त्याहून जवळची उपमा आहे. सणाच्या मिस्सेला वेदीपाशी धूपदाणी हलवली की वास शेवटच्या बाकापर्यंत येतो. दारं-खिडक्या उघड्या असल्या तर लवकर विरतो, बंद असल्या तर प्रवचन संपेपर्यंत रेंगाळतो. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं २० मे २०२१ ला काढलेल्या पत्रकात हेच सांगितलं होतं: खिडक्या उघडल्यावर जसा वास विरळ होतो तसा विषाणूही होतो. ते पत्रक मला समजायला शब्दकोश लागला नाही.

आणखी एक शब्द आठवतो: ‘सामाजिक अंतर’. ‘सोशल डिस्टन्सिंग’चं हे शब्दशः भाषांतर. ज्या समाजात शतकानुशतकं माणसांना जातीवरून दूर ठेवलं गेलं, तिथे ‘सामाजिक अंतर पाळा’ ही सूचना कुणाच्या कानाला कशी लागेल, याचा विचार भाषांतर करणाऱ्यानं करायला हवा होता. डब्ल्यूएचओनं २०२० च्या मार्चमध्येच ‘फिजिकल डिस्टन्सिंग’ म्हणायला सुरुवात केली होती. मराठीत ‘सुरक्षित अंतर’ हा साधा शब्द होता. तरी ‘सामाजिक अंतर’ बराच काळ टिकलं.

कधी मराठी शब्द इंग्रजीपेक्षा चांगलाही असतो. ‘थिअरी’ला आपण ‘सिद्धांत’ म्हणतो. ज्याचा अंत, म्हणजे निष्कर्ष, सिद्ध झाला आहे तो. ‘उत्क्रांती ही फक्त थिअरी आहे’ असं म्हणणारे आपल्यात भेटतात. ‘उत्क्रांती हा फक्त सिद्धांत आहे’ असं म्हणून बघा. ‘फक्त’ शब्द तिथे बसतच नाही.

तूट कुणाची?

विज्ञानसंवादाच्या अभ्यासात एक कल्पना आहे, तिला ‘तुटीचं प्रारूप’ म्हणता येईल. लोकांकडे ज्ञानाची तूट आहे, शास्त्रज्ञांनी ती भरून काढायची, की काम झालं. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर इंग्लंडच्या कम्ब्रिया भागात डोंगरावरच्या मेंढ्यांमध्ये किरणोत्सर्गी सीझियम सापडलं. मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले, ते आठवड्यांत उठतील असं शेतकऱ्यांना सांगण्यात आलं. अंदाज चिकणमातीवरून बांधलेला होता. डोंगरावरची जमीन वेगळी, आम्लधर्मी आणि कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली. तिथे सीझियम गवतातून पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. मेंढपाळांना आपली जमीन माहीत होती, त्यांना कुणी नीट विचारलं नाही. शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये उठले. ब्रायन विन या अभ्यासकानं या प्रकरणावरून दाखवून दिलं की तूट दोन्ही बाजूंना असू शकते.

पण ऐकणाऱ्यांची बाजू घेताना आपल्या वाट्याची चूकही मान्य करायला हवी. आपल्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. ‘जास्त सांगू नका, आहे की नाही तेवढं बोला.’ कुणी ‘अजून नक्की माहीत नाही’ म्हटलं की आपण त्याला सोडून खात्रीनं बोलणाऱ्याकडे जातो. कार्ड तसं बनलं याला तसं कार्ड पुढे पाठवणारे आपणही जबाबदार आहोत. मी तरी आहे.

लिहिण्याआधी पाच गोष्टी

आपल्यापैकी काहीजण भाषांतर करतील, काहीजण पत्रकार होतील, घरच्या ग्रुपवर तर सगळेच लिहितात. माझ्यापुरते मी हे नियम केले आहेत:

१. पारिभाषिक शब्द वापरायच्या आधी तो विषयाबाहेरच्या एका माणसाला ऐकवायचा आणि ‘तुला काय कळलं’ ते त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं.

२. ‘नाही’ लिहिताना कशाच्या तुलनेत, किती, कुठे हे एका वाक्यात तरी जोडायचं. जागा नसेल तर ‘नाही’ लिहायचं नाही.

३. माहितीवर तारीख टाकायची. ‘आज एवढं कळलेलं आहे’ हे कमीपणाचं नाही.

४. चुकलं तर दुरुस्ती त्याच ठिकाणी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत टाकायची.

५. प्रश्न आला की आधी तो खरा प्रश्न आहे असं धरायचं. हसायचं नंतर.

पुन्हा खिडकीपाशी

१८ एप्रिल २०२४ ला डब्ल्यूएचओनं जगभरच्या तज्ज्ञांशी दोन-अडीच वर्षं चर्चा करून नवी परिभाषा जाहीर केली. ५ मायक्रॉनची रेषा त्यांनी सोडून दिली. लहानमोठे सगळेच ‘संसर्गजन्य श्वसनकण’, आणि पसरण्याला मुख्य संज्ञा कोणती? ‘थ्रू द एअर’. हवेतून. चार वर्षांनी परिभाषा साध्या शब्दापाशी आली.

ही बातमी मी आजीला वाचून दाखवली आणि म्हणाले, “तू विचारलेलं बरोबर होतं गं आजी. मीच चुकले.”

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “असू दे. पण आता हे सगळ्यांस्नी सांगितलं काय त्यांनी? तवा सांगितलं तसं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. म्हणून मंडळाला एक विनंती करून थांबते. आपल्यात मराठी, कोकणी, कन्नड, इंग्रजी बोलणारे सगळे आहेत. डॉक्टरकडे, बातम्यांत, फोनवर ऐकलेला एखादा शास्त्रीय शब्द घ्या, तो आपल्या घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा, आणि त्यांनी सांगितलेला अर्थ लिहून आणा. पुढच्या अंकात आपण तसा तक्ता छापू या. सुरुवात म्हणून माझा शब्द मी दिला आहे.